तेरा आठवड्यांचं आयुष्य

२ ऑक्टोबर १९४६, बुधवारची रात्र. न्यूयॉर्कच्या ड्युमाँट वाहिनीवर ‘फारअवे हिल’ नावाची मालिका सुरू झाली. नवरा गेल्यावर कॅरन सेंट जॉन ही शहरातली बाई न्यूयॉर्क सोडून लांबच्या एका छोट्या गावात राहायला जाते आणि तिथं दुसरीशी लग्न ठरलेल्या माणसावर तिचा जीव जडतो, एवढंच कथानक. कॅरनची भूमिका फ्लोरा कॅम्पबेल या अभिनेत्रीनं केली. लेखन, निर्मिती आणि दिग्दर्शन डेव्हिड लुइस या एकाच माणसाचं. १८ डिसेंबरला मालिका संपलीसुद्धा.

अमेरिकेतल्या टीव्ही नेटवर्कवरची ही पहिली कौटुंबिक मालिका मानली जाते. दुपारी बायकांसाठी मालिका सुरू झाल्या, त्या चालल्या आणि मग कुणाला तरी त्या रात्री दाखवाव्याशा वाटल्या, असा सर्वसाधारण समज असतो. टीव्हीपुरता तरी क्रम उलटा आहे. पहिली मालिका रात्रीची होती आणि अडीच महिन्यांत आटोपली होती. अल्पायुषी प्राइम टाइम मालिका हा या घराण्याचा उनाड धाकटा मुलगा नव्हे, ती घरातली थोरली आहे.

‘फारअवे हिल’ थेट प्रक्षेपित होत असे. पडद्यावरचं चित्र फिल्मवर उतरवून घेण्याची सोय पुढच्या वर्षी आली, त्यामुळे तिचा एकही भाग आज उरलेला नाही. लुइसनं तिच्यात एक युक्ती केली होती. कॅरनच्या मनात काय चाललंय ते प्रेक्षकांना ऐकू येई. बटाटे सोलताना बाईची नजर पडद्यावरून हटली तरी गोष्ट सुटू नये, हा हेतू. रेडिओच्या श्रोत्याची सवय त्यानं ओळखली होती आणि टीव्हीच्या अगदी पहिल्या पावलालाच तिची सोय लावली होती. मला ही फार मोठी समज वाटते. मालिकेतली माणसं आजही आरशासमोर उभं राहून मनातल्या मनात बोलतात, ते उगाच नाही.

रेडिओवरची मूळ परंपरा शिकागोची. १९३० मध्ये तिथल्या डब्ल्यूजीएन केंद्रावर इर्ना फिलिप्स या लेखिकेची ‘पेंटेड ड्रीम्स’ सुरू झाली. १९३३ मध्ये प्रॉक्टर अँड गँबलनं ऑक्सिडॉल या धुण्याच्या साबणासाठी ‘मा पर्किन्स’ उभी केली. या मालिकांच्या आयुष्याचा उलगडा साबणवाल्यांच्या या मालकीतच आहे. दुपारच्या कितीतरी मालिका स्वतः कंपनीच्या होत्या. वाहिनीनं फक्त वेळ द्यायची. १९५६ मध्ये इर्ना फिलिप्सची ‘अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स’ सुरू झाली, तेव्हा सुरुवातीला तिला प्रेक्षक बेताचेच होते. कंपनीनं ती चालू ठेवली आणि दोनेक वर्षांत ती पहिल्या क्रमांकावर गेली. इर्नाच्याच लेखणीतली ‘गायडिंग लाइट’ १९३७ मध्ये रेडिओवर सुरू झाली, १९५२ मध्ये टीव्हीवर आली आणि २००९ मध्ये संपली. साबण रोज विकायचा असतो, त्यामुळे मालकाला घाई नव्हती.

रात्रीचा हिशेब वेगळा. तिथं वाहिनी स्टुडिओकडून मालिका घेते आणि बहुतेक वेळा निर्मितीच्या खर्चापेक्षा कमी पैसे देते. ही तूट स्टुडिओ पुढं भरून काढणार कशी, तर जुने भाग देशभरच्या स्थानिक केंद्रांना विकून. त्यासाठी साधारण शंभर भाग हाताशी लागतात, म्हणजे चार-पाच वर्षं. तोवर वाहिनीला धीर हवा, आणि वाहिनीचा धीर तेरा-तेरा आठवड्यांनी मोजला जातो. वर्षाच्या बावन्न आठवड्यांचा हा चौथा हिस्सा. रेडिओच्या काळात प्रायोजकांचे करार याच मापात होत. टीव्हीवर आधी तेरा भागांची मागणी, आकडे बरे आले तर आणखी नऊ, असा बावीस भागांचा हंगाम रूढ झाला. दूरदर्शनच्या ‘तेरा भागांच्या’ मालिका पाहत मोठे झालेल्या मराठी प्रेक्षकाला हा आकडा परका नाही. फरक एवढाच की आपल्याकडच्या अशा कितीतरी मालिकांची गोष्ट तेरा भागांचीच असे. तिकडं गोष्ट रचलेली असायची दहा वर्षांची आणि हाती यायचे तेरा.

१९६४ च्या सप्टेंबरमध्ये एबीसी वाहिनीनं ग्रेस मेटालियसच्या कादंबरीवरून ‘पेटन प्लेस’ आणली. ब्रिटनमधल्या ‘कोरोनेशन स्ट्रीट’चं यश डोळ्यांसमोर होतंच. आठवड्यातून दोनदा, मग काही काळ तीनदा, असे १९६९ पर्यंत पाचशेच्या वर भाग झाले. सीबीएस वाहिनीनं लगेच उत्तर शोधलं आणि ते दुपारच्या घरातून उचललं. ‘अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स’मधली लिसा ही बेरकी, प्रेक्षकांना चीड आणणारी आणि तरीही हवीहवीशी वाटणारी बाई. आयलीन फुल्टन ती भूमिका करत असे. १९६५ च्या मे महिन्यात लिसा गाव सोडून शिकागोला निघाली आणि थेट रात्रीच्या ‘अवर प्रायव्हेट वर्ल्ड’ या मालिकेत पोचली. दुपारच्या मालिकेतलं पात्र रात्रीच्या स्वतंत्र मालिकेत जाण्याची ही पहिलीच वेळ. अडतीस भाग झाले आणि सप्टेंबरमध्ये ती बंद पडली. पण लिसाला परतायला घर होतं. ती पुन्हा दुपारच्या मालिकेत आली, आणि २०१० मध्ये ती मालिका संपेपर्यंत फुल्टन लिसा साकारत होती.

असं माहेर फार थोड्यांना मिळालं. १९६९ मध्ये एबीसीनं कादंबरीकार हॅरॉल्ड रॉबिन्सच्या नावावर ‘द सर्व्हायव्हर्स’ काढली. लाना टर्नरसारखी सिनेतारका आणि पाण्यासारखा पैसा. पंधरा भागांत पडदा पडला. नायक जॉर्ज हॅमिल्टन याला वाहिनीनं लगेच ‘पॅरिस ७०००’ या दुसऱ्या मालिकेत उभं केलं, तीही दहा भागांत गेली. १९७५ मध्ये सीबीएसनं ब्रिटनच्या ‘अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स’च्या धर्तीवर १९२० च्या दशकातलं बॉस्टन उभं करून ‘बीकन हिल’ आणली. पहिल्या भागाला प्रेक्षकांची झुंबड, पुढं ओहोटी. तेरा भाग चित्रित झाले, त्यांतले अकराच दिसले.

मग २ एप्रिल १९७८ ला ‘डॅलस’ आली. पहिल्यांदा तिचे फक्त पाच भाग दाखवले गेले आणि त्यांतला बहुतेक प्रत्येक भाग आपली गोष्ट त्याच रात्री संपवत असे. टेक्सासमधलं तेलाचं घराणं, भावाभावांतली चुरस, दोन कुटुंबांचं जुनं वैर हे सगळं होतं, पण आज भाग चुकला तर पुढच्या आठवड्यात काही अडत नसे. माणसं ओळखीची झाल्यावरच निर्माते कथेचे धागे लांबवू लागले. मार्च १९८० मध्ये या घराण्यातल्या थोरल्या भावावर, जे. आर.वर गोळी झाडली गेली आणि नोव्हेंबरमध्ये ती कुणी झाडली हे कळलं, त्या रात्री अमेरिकेत सुमारे आठ कोटी लोक टीव्हीसमोर होते.

नक्कल करणाऱ्यांनी यातली शेवटची पायरी उचलली. ‘डॅलस’चा शिखरावरचा चेहरा त्यांनी पाहिला, तिथवरची दोन वर्षं पाहिली नाहीत. पहिल्याच भागात दहा-बारा पात्रं, कुणाचं मूल कुणाचं हे गुपित, मृत्युपत्र, जमिनीचा वाद. अजून कुणाशीच ओळख नसलेल्या प्रेक्षकानं या सगळ्याची काळजी करावी अशी अपेक्षा. ‘डॅलस’चाच कर्ता डेव्हिड जेकब्स यालाही याचा फटका बसला. त्याची ‘सीक्रेट्स ऑफ मिडलँड हाइट्स’ डिसेंबर १९८० मध्ये सुरू झाली आणि दुसऱ्याच महिन्यात गेली. लोरिमार कंपनीनं तिच्यातलीच काही नटमंडळी घेऊन १९८२ मध्ये ‘किंग्ज क्रॉसिंग’ काढली, तीही तशीच गेली. टेक्सासच्या कुरणांवरची ‘द यलो रोझ’, नौदलाच्या तळावरची ‘एमराल्ड पॉइंट’, अत्तराच्या धंद्यावरची ‘बेअर एसेन्स’, फॅशनवरची ‘पेपर डॉल्स’, न्यूयॉर्कच्या बड्या दुकानावरची ‘बेरेंजर्स’ : १९८३ ते १९८५ या काळात एकीलाही दुसरा हंगाम दिसला नाही. धंदा बदलला, घर बदललं, गाठी त्याच. ‘डायनॅस्टी’चीही सुरुवात अडखळतच झाली होती, पण दुसऱ्या हंगामात जोन कॉलिन्स ही अभिनेत्री येईपर्यंत तिला थांबू दिलं गेलं. उरलेल्यांना जोन कॉलिन्स शोधायला वेळच मिळाला नाही.

मालिका चालली नाही याचं मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते गोष्ट अर्धवट सोडली जाते याचं. आकडे घसरले की वाहिनी गाशा गुंडाळते, आणि शेवटचा म्हणून दिसलेला भाग लेखकानं शेवट म्हणून लिहिलेलाच नसतो. जे थोडे लोक शेवटपर्यंत टिकले, त्यांनाच ही शिक्षा. ‘डायनॅस्टी’तून निघालेली ‘द कोल्बीज’ १९८५ मध्ये आली. चार्ल्टन हेस्टन आणि बार्बरा स्टॅनविक असूनही एनबीसीच्या गुरुवारच्या विनोदी मालिकांपुढं तिचं काही चाललं नाही. मार्च १९८७ मधल्या शेवटच्या भागात ‘डायनॅस्टी’तून इथं आलेल्या फॅलन या पात्राला वाळवंटातून उडती तबकडी घेऊन जाते. लोकांनी त्याची भरपूर थट्टा केली. पण लिसासारखीच फॅलनही मूळ मालिकेत परत आली आणि तिचं पुढं काय झालं ते ‘डायनॅस्टी’च्या प्रेक्षकांना कळलं.

फॉक्स वाहिनीवरची लेखक माइक व्हाइटची ‘पॅसाडिना’ मात्र कुठल्याच मालिकेतून निघालेली नव्हती. सप्टेंबर २००१ च्या शेवटी ती सुरू झाली. कॅलिफोर्नियातलं वृत्तपत्रवालं श्रीमंत घराणं, आणि घराच्या दिवाणखान्यात एका अनोळखी माणसाची आत्महत्या पाहून आपल्याच माणसांची गुपितं उकरू लागलेली शाळकरी मुलगी. तेरा भाग तयार होते, चार दाखवून ती बंद केली गेली. उरलेले नऊ अमेरिकेत पाहायला मिळाले ते २००५ मध्ये, दुपारच्या मालिका रात्री पुन्हा दाखवण्यासाठी निघालेल्या सोपनेट या केबल वाहिनीवर.