मास्तरांना कोण शिकवणार?

मंडळी, गेल्या दिवाळीत गावी, म्हणजे नामपूरला गेलो होतो. (तालुका बागलाण, मोसम नदीचा काठ. तुमच्या घरातला कांदा कदाचित आमच्याकडचाच असेल :)) आमच्या जुन्या शाळेतले एक सर म्हणाले, "अरे, तुझ्याकडे हॅम रेडिओचं लायसन्स आहे ना? मग आठ दिवस पोरांना शिकव की." मीही खुशीत मोर्सचा तक्ता छापून नेला. अक्षर, टिंब, रेघ. आठव्या दिवशी पोरांना तक्ता तोंडपाठ होता, पण कानावर पडलेलं अक्षर एकालाही धड ओळखता येईना!

चूक पोरांची नव्हती. परत आल्यावर विकांताला जरा वाचत बसलो आणि लक्षात आलं की माझ्यासारखे मास्तर ही जुनीच गोष्ट आहे.

मोर्स ही कानाची भाषा. 'के' म्हणजे 'रेघ-टिंब-रेघ' नव्हे, तर 'डा-डिट-डा' असा अख्खा आवाज. तक्त्यावरून शिकलेला माणूस आधी टिंबं मोजतो, मग मनातल्या मनात तक्ता शोधतो. मिनिटाला पाच शब्दांपर्यंत हे चालतं, दहाच्या आसपास गाडी अडकते. आपल्याकडच्या १९७८ च्या नियमांत द्वितीय श्रेणीला मिनिटाला ५ शब्द लागायचे आणि प्रथम श्रेणीला १२. म्हणजे चुकीच्या मास्तराचा विद्यार्थी पहिली परीक्षा पास व्हायचा आणि दुसरीच्या दारात अडायचा. लुडविग कोख या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकातच उपाय सांगितला होता: दोनच अक्षरं घ्या, पण पहिल्या दिवसापासून पूर्ण वेगाने ऐकवा. शंभरातली नव्वद बरोबर आली की तिसरं अक्षर. म्हणजे येणं वेगळं आणि शिकवता येणं वेगळं.

आपल्याकडे सरकारने परीक्षा घेतली, लायसन्स दिलं, पण शिकवणारा तयार करणं हे कोणाचंच काम नव्हतं. जिथे शिकवणारा होता तिथे मात्र काय घडू शकतं, ते मुंबईने १९४२ साली पाहिलं. महायुद्धामुळे हौशी लोकांचे ट्रान्समीटर सरकारजमा झाले होते. तरी उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. त्याचा ट्रान्समीटर उभा करणारे नरिमन प्रिंटर भायखळ्याला तांत्रिक शिक्षणाची संस्था चालवत. (पुढे पोलिसांच्या हाती लागल्यावर त्यांनीच ठावठिकाणा सांगितला आणि १२ नोव्हेंबर १९४२ ला धाड पडली, हेही सांगायला हवं.)

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली हौशी मंडळींचा क्लब निघाला तो महूला, लष्कराच्या सिग्नल स्कूलमध्ये. १९८३ साली हैदराबादला राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्था निघाली. महू, दिल्ली, मुंबई, हैदराबाद! जिथे जाणकार होते तिथे एकाकडून दुसरा शिकला. पार्ट्स हवेत तर लॅमिंग्टन रोड, आणि सोल्डरिंग चुकलं तर कान पिळणारा कोणीतरी काका. नामपूरला हा काका कधी आलाच नाही.

यात बिघडलं काय, असं कोणी विचारेल. आता खिशात मोबाईल आहे. तर ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवा. लातूर-उस्मानाबाद भागात भूकंप झाला, तेव्हा हॅम मंडळी मदतीला धावली, पण बाहेरून प्रवास करून. याउलट डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद या हॅम आपल्या चमूसह आधीपासूनच पोर्ट ब्लेअरला होत्या, त्यामुळे लगेच निरोप जाऊ लागले. तो निव्वळ योगायोग होता. दर वेळी योगायोगावर कसं विसंबणार? ज्याला वायरलेस येतो तो माणूस आधीपासून गावातच राहणारा हवा.

हे बाहेर लोकांनी ओळखलं. अमेरिकेत १९८४ पासून परीक्षाच स्वयंसेवक हॅम घेऊ लागले. एका परीक्षेला किमान तीन परीक्षक, म्हणजे एकट्याची मर्जी चालायला नको. ब्रिटनमध्ये या शतकाच्या सुरुवातीला सोपं 'फाउंडेशन' लायसन्स आलं आणि ते शिकवण्याचं काम गावोगावच्या क्लबांतल्या स्वयंसेवकांनी उचललं. २००३ साली मोर्सची आंतरराष्ट्रीय सक्तीही गेली. म्हणजे माझ्या तक्त्याची सबबसुद्धा गेली! ओहमचा नियम आणि अँटेना तरी नीट समजावता यायलाच हव्यात, आणि जमल्यास अहिराणीत. कारण पुस्तकं बहुतेक इंग्रजीत.

असो. मे महिन्यात परत जातोय. यावेळी चाळीस पोरं नकोत, असं सरांना कळवलंय. सर स्वतः आणि बारावी झालेल्या दोन मुली, बस्स. पहिले चार दिवस मी शिकवणार. नंतरचे चार दिवस ते तिघं पोरांना शिकवतील आणि मी मागच्या बाकावर गप्प बसणार. सर फोनवर हसले. म्हणाले, "तू आणि गप्प? अवघड आहे."

बघू.