परदेशी 'स्ट्रीमिंग' उपकरण : मागवताना आणि तपासताना

इंटरनेटवरील चित्रपट, मालिका दूरचित्रवाणी संचावर दाखविणाऱ्या छोट्या उपकरणांपैकी 'रोकू' अमेरिकेत २००८ मध्ये, तर गुगलचे 'क्रोमकास्ट' २०१३ मध्ये बाजारात आले. असे उपकरण तेथून आणताना प्रथम अडॅप्टर पाहावा. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्टची, तर भारतात २३० व्होल्टची असते. अडॅप्टरवर '१००-२४० व्होल्ट' असे छापलेले नसल्यास तो येथे जोडू नये. बाजारात मिळणारा साधा जोड पिनांचा आकार बदलतो, विजेचा दाब नव्हे.

घरचे वाय-फाय उपकरणाला दिसत नसेल, तर राउटरचा चॅनल तपासावा. अमेरिकेसाठी बनविलेली अनेक उपकरणे १२ व १३ हे चॅनल ओळखत नाहीत. राउटर १ ते ११ पैकी एखाद्या चॅनलवर आणावा.

पडद्यावर चित्र उमटले, तरी सर्व सेवा मिळतीलच असे नाही. प्रसारणाचे हक्क देशनिहाय विकले जातात. हमीदेखील बहुधा खरेदीच्या देशापुरतीच असते. त्यामुळे आणणाऱ्या आप्ताने परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी तेथेच उपकरण सुरू करून पाहणे हिताचे. पावतीही जपावी, सीमाशुल्क आकारणीच्या वेळी किमतीचा पुरावा तीच ठरते.