पंतोजींची पाटी आणि ‘लक्ष्मीज्ञान’

मुलांना अर्थव्यवहार शिकविण्याची चाल इंग्रजी शाळांबरोबर आली, असा आपल्या सुशिक्षितांचा समज असतो. तो अर्धाच खरा आहे. पंतोजींच्या शाळेंत अर्थशास्त्राचें नांव नव्हतें. पण पावकी, निमकी, सवायकी, दिडकी घोकलेल्या मुलास साठ रुपयांचें दरमहा शेंकडा सवा रुपयानें व्याज बारा आणे होतें, हें पाटीवांचून सांगतां येई. मोडीवर हात बसला कीं खतावणीही वाचतां येई. मात्र भाव कां चढतात, देशाचें धन कशानें वाढतें, हा प्रश्न त्या ओसरीवर निघत नसे.

तो प्रश्न मराठींत आणणाऱ्यांत लोकहितवादींचें नांव ठळक आहे. त्यांचें ‘लक्ष्मीज्ञान’ १८४९ सालीं निघालें, तेव्हां गोपाळ हरींनीं नुकतीच पंचविशी ओलांडली होती. आधार क्लिफ्ट यांच्या इंग्रजी ग्रंथाचा. पण मथळा अस्सल घरचा. रुक्ष शास्त्राला देवघरांतलें नांव देणाऱ्या या गृहस्थाला वाचक ओळखतां येत होता, असें आम्हांस वाटतें. पुढें १८५५ त कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं ‘अर्थशास्त्रपरिभाषा’ लिहून शब्दांची सोय केली.

परंतु पंतोजींची पाटी काय आणि हीं पुस्तकें काय, कुणब्याच्या मुलापर्यंत क्वचितच पोंचलीं. आणि दोन्ही विद्यांची गरज सर्वांत अधिक त्यालाच होती. अमेरिकेंतील यादवी युद्धानें मुंबई इलाख्यांत कापसाचें सोनें झालें आणि १८६५ नंतर भाव कोसळले. दक्षिणेंत नव्या जमाबंदीनें साराही वाढला. तो भरण्यास कर्ज, आणि कर्जास न वाचतां केलेली निशाणी! १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें दंगा पेटला आणि नगर जिल्ह्यांतही पसरला. शेतकऱ्यांचा रोख सावकारांच्या देहापेक्षां त्यांच्या दप्तरावर अधिक होता; खतें व रोखे त्यांनीं जाळले. जें वाचतां येत नव्हतें, त्याचा त्यांनीं असा निकाल लावला.

१८७९ च्या कायद्यानें न्यायाधीशास रोख्यामागील मूळ हिशेब तपासण्याची मुभा दिली. ऋणकोला पैसे फेडल्याची पावती, वर्षाचा हिशेब आणि खातेपुस्तक मागण्याचा हक्कही मिळाला. पण तें खातेपुस्तक हातीं आल्यावर निरक्षर शेतकरी तें कोणाकडून वाचून घेणार? गांवांत हिशेबाचें अक्षर जाणणारा, पुष्कळदां, तो सावकारच असे.