काळी धूळ आणि गाडीचं फडकं

आजचा इतिहास आहे एका फडक्याचा.

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागलं की बीरगांव येतं. शेजारी उरला औद्योगिक वसाहत, थोडं पुढे सिलतरा. लोहखनिज कोळशाबरोबर फिरत्या भट्टीत तापवून स्पंज आयर्न करायचं, ते वितळवायचं, सळ्या लाटायच्या, हा इथला मोठा धंदा. त्यामुळे रात्री दारात लावलेली पांढरी गाडी सकाळी राखाडी दिसते. थंडीत तर जास्तच, कारण गार हवा जमिनीलगत बसून राहते आणि धूळ वर जात नाही. मग आपण काय करतो? कोरडं फडकं घेऊन खसाखसा पुसतो.

ही सवय वाईट आहे. पण ती वेडेपणाची नाही; तिला इतिहास आहे.

सुरुवातीच्या मोटारी घोडागाडीसारख्याच रंगवत. व्हार्निशचा एक हात द्यायचा, वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा दुसरा. एका गाडीला कित्येक आठवडे लागत. फोर्डने १९१४ ते १९२५ या काळात मॉडेल टी फक्त काळ्या रंगात विकली. तो डांबरवर्गीय काळा रंग स्वस्त आणि टिकाऊ होता. मग ड्युपाँट कंपनीचा ‘ड्युको’ आला. १९२४च्या ओकलंड गाड्यांना तो निळ्या रंगात दिला गेला आणि आठवड्यांचं काम तासांवर आलं. हे नाव आपल्याकडेही इतकं रुजलं की जुने रंगारी फवाऱ्याने दिलेल्या कुठल्याही चकचकीत रंगाला ‘ड्युको’ म्हणतात, मग तो कपाटावर का असेना.

त्या काळच्या रंगात वरपासून खालपर्यंत रंगच असे. उन्हाने वरचा थर मरून पांढुरका पडे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट किंवा अँबॅसिडर ज्यांच्या घरी होती, त्यांना रविवारची पॉलिश आठवत असेल. गाडी निळी असेल तर फडकंही निळं व्हायचं! म्हणजे मेलेला थर निघायचा आणि खालचा ताजा रंग दिसायचा. घासलं की गाडी चमकते, हे तेव्हा खरंच होतं.

आजच्या गाडीवर रंगाच्या वर पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट. तो साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे केसाहूनही बारीक. चमक त्याचीच. कोरड्या फडक्याखाली खनिजाचे कण फिरले की त्यावर गोल गोल ओरखडे उमटतात. उन्हात ते कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसतात. गेलेला थर परत येत नाही.

बीरगांवात दुसरी भानगडही आहे. धुळीतला लोखंडाचा कण रंगात रुततो, दव पडलं की गंजतो आणि नारिंगी ठिपका येतो. अमेरिकेत नव्या गाड्या रेल्वेने जात, तेव्हा रूळ आणि ब्रेक यांच्या घर्षणातून उडालेल्या कणांनी हेच होई. तिथे याला ‘रेल डस्ट’ नाव पडलं.

मग करायचं काय? आधी भरपूर पाणी, छतापासून खाली. नंतर गाडीचा शॅम्पू. कपड्यांची पावडर नको, ती मेणाचा थर काढून टाकते. बादल्या दोन: एकीत शॅम्पू, दुसरीत स्पंज खळबळायला. सावलीत धुवा, मऊ मायक्रोफायबरने टिपा. ठिपके राहिलेच तर लोहकण विरघळवणारं द्रावण मिळतं. लोखंड असेल तिथे ते जांभळं होतं. शेवटी मेण.

आता एक प्रयोग. पुसण्याआधी बोनेटवरची चिमूटभर धूळ कागदावर घ्या आणि कागदाखालून चुंबक फिरवा. काही कण चालू लागले, तर त्यात लोखंडी कण आहेत. हीच धूळ गच्चीतल्या पापडांवर, तुळशीवर आणि पोरांच्या श्वासात जाते. भट्टीच्या धुरातली धूळ पकडायला ईएसपी नावाचं यंत्र असतं. ते वीज खातं, आणि बंद असेल तर उपयोगाचं नाही. म्हणून कागदावर तारीख घालून जपून ठेवा. प्रदूषण मंडळाकडे तक्रार करताना ‘फार धूळ येते’ म्हणण्यापेक्षा महिनाभराचे तीस कागद जास्त बोलतात.

गाडी धुणं आपल्या हातात आहे. फुप्फुसं धुता येत नाहीत.

भेटू पुढच्या भागात.