झाशीच्या मराठी ताटाची मुळे : प्रस्तावना

झाशीच्या जुन्या तटबंदीतला दतिया गेट हा बुंदेल्यांच्या दतिया संस्थानाच्या वाटेवरचा दरवाजा. खाद्येतिहासाच्या अभ्यासाकडे वळलेल्या नव्या मंडळींचे स्वागत मला इथेच करावेसे वाटते. तटाआडच्या गावात धान्य, मीठ, गूळ सारे वेशीतूनच आत यायचे. म्हणून पदार्थाचे मूळ शोधताना आधी विचारावे, यातले काय कोणत्या वाटेने आले?

१७४२ च्या सुमारास नारोशंकर पेशव्यांचे सुभेदार म्हणून झाशीत आले, पुढे सुभेदारी मूळच्या रत्नागिरीकडच्या नेवाळकरांकडे गेली. त्यांच्यामागून आलेल्या दक्षिणी घरांनी आपले सणवार आणले. चैत्रगौरीची आंब्याची डाळच घ्या. व्रत दक्षिणेतले, हरभरा मात्र बुंदेलखंडाच्या रब्बीतला. खोबरे इथे पिकत नाही, ते दूरवरून आणायचे किंवा त्यावाचून भागवायचे. आणि मिरची? ती पोर्तुगीजांच्या जहाजांतून अमेरिका खंडातून आलेली. एका वाटीत इतक्या वाटा मिळतात, तेव्हा ‘हा पदार्थ मूळ कुठला’ या प्रश्नाला एका गावाचे नाव पुरत नाही. व्रत, जिन्नस आणि कृती यांची मुळे वेगवेगळी शोधावी लागतात.

साम्य दिसले की देवाणघेवाण झालीच असे मानण्याचा मोह होतो, तो आवरावा. बुंदेलखंडात ताकात धान्य शिजवून महेरी करतात, आपल्याकडे ताकातल्या कण्या असतात. कोणी कोणाकडून घेतले? माझ्या मते बहुधा कोणीच नाही. जिथे ज्वारी पिकते आणि घरात ताक असते, तिथे असे अन्न आपोआप सुचते.

साधनांची अडचण मोठी आहे. १८५८ साली इंग्रजांनी झाशी जिंकल्यावर झालेल्या लुटीत राजवाड्यातले ग्रंथालय गेले. त्या दिवसांचा मराठीतला अमोल साक्षीदार म्हणजे वरसईचे विष्णुभट गोडसे. पण त्यांनी ‘माझा प्रवास’ लिहिला तो पंचवीसेक वर्षांनी, आठवणीतून. १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी तो छापला, तोही संस्कार करून. शिवाय गोडसे भिक्षुक, म्हणून त्यांची नजर समारंभाच्या पंगतीवर. रोजच्या भाकरीसाठी दुसरीकडे पाहावे लागते. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ हे पाकपुस्तक आहे १८७५ चे, पण छापील कृती वाचताना ती आधी कोणाच्या हातात होती हे विचारायला विसरू नका.

हीच अडचण अमेरिकेतल्या अभ्यासकांपुढेही आहे. अमेलिया सिमन्स यांच्या १७९६ च्या पाकपुस्तकात इंग्रजी वळणाच्या कृतींशेजारी तिथल्या मूळ रहिवाशांच्या मक्याचे पदार्थ आहेत. गुलामीतून सुटलेल्या ॲबी फिशर यांनी १८८१ साली सॅन फ्रान्सिस्कोत आपल्या कृती तोंडी सांगितल्या आणि दुसऱ्यांनी त्या लिहून घेतल्या. फिशरबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या पाककलेतला आफ्रिकी वारसा असा कागदावर उतरला. आपल्याकडच्या किती स्वयंपाकिणींचे हात असे कागदावर आले? झाशी, सागर, ग्वाल्हेर इथल्या मराठी घरांतल्या आज्यांकडे हे काम अजून पडून आहे. जाल तेव्हा नुसती कृती मागू नका. कोणत्या सणाला, कोणत्या भांड्यात, डाळ कुठल्या बाजारातली, एखादा जिन्नस नसला तर त्याऐवजी काय घालत, आणि हे करायला त्यांना कोणी शिकवले, तेही विचारा.