नळी कुठून निघते, कुठे जाते?

डोंगरावर धूर दिसला म्हणजे तिथे अग्नी असला पाहिजे, हे न्यायशास्त्रातलं शेकडो वर्षं घासून गुळगुळीत झालेलं उदाहरण. आज आम्ही त्याच धुराकडे पुन्हा जाणार आहोत, पण डोंगर सोडून एका जुन्या पिकअप ट्रकच्या सायलेन्सरपाशी. तत्त्वज्ञानाच्या माणसाने गॅरेजात कशाला शिरावं, असं कुणाला वाटेल. उत्तर सरळ आहे. खुणेवरून कारणापर्यंत कसं पोचायचं हा आमचा विषय, आणि त्याची खरी परीक्षा वर्गात होत नाही, बॉनेटखाली होते.

आधी एक खुलासा. ट्रक म्हटलं की आपल्यापुढे मालाने लादलेली डिझेल गाडी उभी राहते. आजचा ट्रक तो नव्हे. अमेरिकेत शेतकरी, सुतार, प्लंबर वापरतात तो मागे उघडा हौदा असलेला पेट्रोल ट्रक. काळ साधारण १९७० ते १९९५. त्याचं बॉनेट उघडलं की काळ्या रबरी नळ्यांचं जाळं दिसतं. पेन्सिलीपेक्षाही बारीक, जाड, वाकड्या, एकमेकींवरून गेलेल्या. या नळ्यांतून पेट्रोल जात नाही, पाणी जात नाही. त्यांतून जाते ती पोकळी, म्हणजे व्हॅक्यूम.

ही पोकळी येते कुठून? पिस्टन खाली जाताना हवा आत यायला बघते. पण वाटेत थ्रॉटलची झडप असते. पाय ॲक्सिलरेटरवरून उचललेला असला की ती जवळजवळ बंद. मग झडपेच्या आतल्या बाजूला, इनटेक मॅनिफोल्डमध्ये, दाब बाहेरच्यापेक्षा बराच कमी होतो. पारंपरिक डिझेल इंजिनात अशी झडप नसते, म्हणून तिथे ब्रेकसाठी व्हॅक्यूमचा वेगळा पंप बसवावा लागतो.

आता एक गैरसमज दूर करू. आपण म्हणतो, व्हॅक्यूम ‘ओढतो’. खरं तर पोकळी काहीच ओढत नाही. बाहेरची हवा ढकलते. सतराव्या शतकात टॉरिचेलीने पाऱ्याच्या नळीने हेच दाखवलं. १६४८ साली पास्कलने आपल्या मेव्हण्याला तशी नळी घेऊन प्वी द डोम या डोंगरावर पाठवलं, आणि वर पारा खाली उतरलेला आढळला. गंमत अशी की गॅरेजातला व्हॅक्यूम गेज आजही ‘पाऱ्याचे इंच’ मोजतो. समुद्रसपाटीवर धडधाकट इंजिन मंद चालताना १७ ते २१ इंच दाखवतं. दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी. म्हणजे ५२८० फुटांवरच्या डेन्व्हर शहरात काटा पाच इंच खाली दिसला, तर दोष इंजिनाचा नव्हे, पास्कलच्या डोंगराचा! संदर्भ सोडून खूण वाचू नये, हा पहिला धडा.

सुरुवातीला या पोकळीला कामं थोडी होती. काही गाड्यांचे वायपर तिच्यावर चालत. चढावर जोर लावला की व्हॅक्यूम घटायचा आणि ऐन पावसात वायपर मंदावायचे. पुढे स्पार्कची वेळ मागेपुढे करणं आणि ब्रेकला जोर देणं ही कामं आली. मग हे जाळं एवढं वाढलं कशाने?

त्यासाठी १९४३ च्या जुलैतल्या लॉस एंजेलिसला जावं लागेल. शहरावर असा जळजळीत धुरकट पडदा आला की, महायुद्धाचे दिवस असल्याने, काहींना शत्रूचा वायुहल्लाच वाटला. मग बोट दाखवलं गेलं कृत्रिम रबराचा कच्चा माल करणाऱ्या एका कारखान्याकडे. लोकांच्या दबावाखाली तो बंद झाला, तरी धुरकं हटलं नाही. म्हणजे खूण खरी होती, कारण चुकीचं धरलं होतं. १९५० च्या सुमारास हागेन-स्मिट या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञाने, अननसाच्या स्वादाचा अभ्यास करणाऱ्या माणसाने बरं का, हे कोडं सोडवलं. न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनचे ऑक्साइड उन्हात एकत्र आले की हे धुरकं तयार होतं. गुन्हेगार एक कारखाना नव्हता. रस्त्यावरची प्रत्येक गाडी होती.

तिथून नळ्या वाढू लागल्या. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला क्रँककेसमधली वाफ रस्त्यावर न सोडता पीसीव्ही झडपेतून परत इंजिनात घेतली गेली. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने हायड्रोकार्बन आणि कार्बन मोनॉक्साइड ९० टक्क्यांनी उतरवण्याची मागणी केली. टाकीतली पेट्रोलची वाफ पकडायला कोळशाचा डबा आला. १९७३ च्या सुमारास ईजीआर झडप आली, म्हणजे जळून गेलेल्या वायूचा थोडा भाग परत आत सोडून ज्वलनाचं तापमान उतरवायचं. १९७५ मध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. ट्रकवाल्यांनी पळवाटही शोधली. फोर्डचा एफ-१५० त्याच वर्षी आला, एकूण भारक्षमता ६००० पौंडांच्या किंचित वर ठेवून, कारण त्या रेषेखालच्या गाड्यांनाच कन्व्हर्टर आणि शिसेविरहित पेट्रोलची सक्ती लागू पडत होती. पुढे ती रेषा ८५०० पौंडांवर गेली.

तेव्हा गाडीत स्वस्त संगणक नव्हता. म्हणून निर्णय घेण्याचं कामही नळ्यांनाच दिलं. उदाहरणार्थ, ईजीआर झडप उघडावी केव्हा? इंजिन तापलेलं असेल आणि थ्रॉटल थोडा उघडा असेल, तेव्हाच. मग नळीचं एक टोक थ्रॉटलच्या किंचित वरच्या भोकाला जोडायचं, जिथे झडप उघडल्यावरच व्हॅक्यूम मिळतो. आणि वाटेत तापमानावर उघडणारा स्विच बसवायचा. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच झडप हलते. हा रबरात मांडलेला तर्कच आहे! एक नळी चुकीच्या टोकाला जोडली की तर्क खोटा ठरतो. मंद चालीवरच ईजीआर उघडते, इंजिन थरथरतं, बंद पडतं.

आता मिश्रणाकडे येऊ. पेट्रोल नीट जळायला वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. हवा जास्त झाली तर मिश्रण पातळ: चाल वरखाली होते, पिकअप देताना गाडी अडखळते, कार्बोरेटरमधून फटाका वाजतो, प्लग पांढरट होतात. पेट्रोल जास्त झालं तर मिश्रण दाट: काळा धूर, काजळलेले प्लग, पेट्रोलचा वास. फुटलेल्या नळीतून हिशोबाबाहेरची हवा आत शिरते, म्हणून मिश्रण पातळ होतं. आपले मेकॅनिक म्हणतात, ‘गाडी हवा घेतेय’. यापेक्षा नेमकं वर्णन आम्हाला सुचत नाही.

इथवर सोपं आहे. पण १९८० च्या दशकात ट्रकमध्येही संगणक आला आणि धुराचं कोडं उलटं झालं. शेव्हरोलेच्या १९८७ नंतरच्या ट्रकमध्ये एक छोटी नळी मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या सेन्सरकडे जाते. ती तडकली की सेन्सरला व्हॅक्यूम कमी दिसतो. संगणकाला वाटतं, गाडी चढावर ओझं ओढतेय. तो पेट्रोल वाढवतो. काळा धूर! एग्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सरही असाच फसतो. तो पेट्रोल मोजत नाही, ऑक्सिजन मोजतो. त्याच्या आधी पाइपला भेग असली की बाहेरची हवा आत येते, ‘मिश्रण पातळ’ असा निरोप जातो आणि मिश्रण आणखी दाट होतं. म्हणजे धूर दिसतो पेट्रोल जास्त झाल्याचा, आणि मूळ कारण असतं भलतीकडून आलेली हवा.

नैयायिकांनी याला नाव दिलं आहे: उपाधी. धुरावरून अग्नी कळतो, पण अग्नीवरून धूर कळत नाही, कारण धुरासाठी ओलं सरपण ही आणखी एक अट लागते. ती लपलेली अट विसरलात की अनुमान कोसळतं.

म्हणून पद्धत महत्त्वाची. कार्बोरेटरच्या स्क्रूला सुरुवातीलाच हात लावू नये. फुटलेली नळी तशीच ठेवून स्क्रूने पेट्रोल वाढवलं, तर गाडी काही दिवस बरी चालेल. दोन चुका एकमेकींना झाकतील, आणि पुढच्या माणसाला खरी खूण दिसणारच नाही. बॉनेटच्या आत किंवा रेडिएटरजवळ चिकटवलेला नळ्यांचा नकाशा आधी वाचावा. मग एकेक नळी हाताने टोकापासून टोकापर्यंत चाचपावी: कुठून निघते, कुठे जाते, वाटेत काय आहे. वळणावर रबर कडक होऊन तडकतं, तिथे थांबावं. मग गेज लावावा, नळी एकेक चिमटून काटा सावरतो का पाहावं. एका वेळी एकच बदल.

शेवटी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. या ट्रकांच्या अनेक मालकांनी कंटाळून नळ्या उपटल्या, तोंडांत स्क्रू कोंबले. ‘इंजिनाला त्यांची गरज नाही,’ ते म्हणत. थोडं खरं आहे. काही नळ्या इंजिनासाठी नव्हत्याच. त्या होत्या मागून चालणाऱ्याच्या फुप्फुसांसाठी. ईजीआर बंद केली की ज्वलन तापतं आणि कित्येक इंजिनं ठोकायला लागतात, हा भाग वेगळा. पण एखादी वस्तू आपल्याला निरुपयोगी दिसते तेव्हा दोन प्रश्न विचारावेत: ती कुणासाठी ठेवली होती, आणि ती काढल्यावर किंमत कोण मोजतं? लॉस एंजेलिसमध्ये ती किंमत डोळे चोळणाऱ्या माणसांनी मोजली होती. नळीचं एक टोक मॅनिफोल्डला असतं, ते हाताला लागतं. दुसरं टोक रस्त्यावर असतं. ते शोधायला इतिहास वाचावा लागतो.

इथे थांबतो.