यंत्राच्या आधीची गोळी

कळंबोलीत आमच्या इमारतीत राहणारे एक काका आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात. परवा जिन्यात त्यांनी विचारले, "हे आधीच रोखता आले नसते का रे?" वैद्यकीय उत्तर त्यांचे डॉक्टर देतील. मी इतिहासाचा विद्यार्थी. या प्रश्नाचा इतिहास मात्र सांगू शकतो, आणि त्यातला बराचसा मुंबईत घडला आहे.

नोव्हेंबर १९७५. आणीबाणीतील स्थानबद्धतेतून सुटलेले जयप्रकाश नारायण चंदीगडहून अखेर मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आले, तेव्हा त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती. (या रुग्णालयाचे उद्घाटन १९७३ मध्ये इंदिरा गांधींच्याच हस्ते झाले होते.) मूत्रपिंडतज्ज्ञ होते डॉ. एम. के. मणी. जेपी पुढे जवळपास चार वर्षे डायलिसिसच्या आधारे जगले. यंत्रासाठी लोकवर्गणी जमली. इंदिरा गांधींनी पाठवलेली रक्कम जेपींनी परत केली. एका वैद्यकीय उपकरणाला इतके राजकीय वजन क्वचितच आले असेल. सामान्य रुग्णाला त्या काळी हे यंत्र जवळजवळ अप्राप्यच होते.

आता थोडे मागे जाऊ. १९४९ साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. विषय होता उच्च रक्तदाबावर सर्पगंधेचा उपयोग. आपल्याकडे ही मुळी पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. वकिलांनी रुग्णांवरील तिच्या परिणामांची पद्धतशीर नोंद केली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे केले आणि १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

याचा मूत्रपिंडाशी संबंध काय? मूत्रपिंडात लक्षावधी सूक्ष्म गाळण्या असतात. वाढलेला रक्तदाब त्यांना झिजवतो. काही निकामी झाल्या की उरलेल्यांवर भार वाढतो, आणि त्याही झिजू लागतात. म्हणून यंत्राविना करायच्या उपचाराचा गाभा म्हणजे रक्तदाब आणि साखर काबूत ठेवणे, मीठ कमी करणे. प्रथिने कमी करण्याचा आहार इटलीतील जोव्हानेत्ती व मॅज्जोरे यांनी १९६४ मध्ये मांडला. पण ज्याच्या ताटातले वरण मुळातच पातळ, त्याला हा सल्ला देताना फार जपावे लागते.

मणी पुढे चेन्नईला गेले. जेपींचे यंत्र सांभाळलेल्या या डॉक्टरांनी १९९०च्या दशकात 'किडनी हेल्प ट्रस्ट'मार्फत चेन्नईजवळच्या खेड्यांत वेगळाच उपक्रम मांडला. प्रशिक्षित कार्यकर्त्या घरोघर जाऊन रक्तदाब मोजत. लघवीत आम्लाचे थेंब टाकत. ती गढूळली तर प्रथिने झिरपत असल्याचा संशय. रक्तदाब व मधुमेह असलेल्यांना स्वस्त, जुनी औषधे मिळत. त्यांत मेटफॉर्मिन होते, आणि रेसर्पिनही! दुष्परिणामांमुळे मागे पडलेले हे औषध मणींनी निवडले ते किमतीमुळे. साऱ्या उपक्रमाचा खर्च दरडोई वर्षाला एका डॉलरहूनही कमी होता.

माझ्या मते भारतीय वैद्यकाच्या इतिहासात जेपींच्या यंत्राइतकीच जागा त्या गढूळ होणाऱ्या परीक्षानळीला मिळायला हवी.

काकांना मी हे सारे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. त्यांचा रक्तदाब पहिल्यांदा मोजला गेला, तो पायांवर सूज आल्यानंतर.